फेरी उशिरा किंवा रद्द: प्रवाशांना केव्हा, काय आणि कोणत्या क्रमाने कळवायचे

फेरी साडेपाचला सुटणार असेल तर ती रद्द झाल्याची सूचना साडेपाचला देऊन उपयोग नसतो. तोवर प्रवासी धक्क्यावर उभा असतो, गाडी रांगेत लागलेली असते आणि दुसऱ्या मार्गाने जाण्याची वेळही टळून गेलेली असते. म्हणून या कामाचे घड्याळ प्रवासी घराबाहेर पडतो तिथून सुरू होते. माहिती कक्षात नव्याने रुजू झालेल्यांनी एवढे धरून ठेवले तर पुढचे बरेच निर्णय सोपे जातात.

खाली सगळीकडे फेरी म्हणजे एका धक्क्यावरून ठरलेल्या वेळी सुटणारी एक खेप, आणि बोट म्हणजे ती खेप करणारे जहाज. संदेश लिहितानाही हा भेद पाळा. ‘बोट बंद’ असे वाचले की लोकांना अख्खी सेवा बंद पडल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात एकच फेरी रद्द झालेली असते.

टेबलावर आधीपासून काय हवे

पहिली वस्तू म्हणजे प्रत्येक फेरीसाठी ‘कळवण्याची शेवटची वेळ’. ही अंदाजाने लिहू नका. प्रवेशद्वारावर तिकीट स्कॅन होते त्या नोंदींवरून लोक सुटण्याच्या किती आधी धक्क्यावर येतात ते दिसते. त्यात घरून धक्क्यापर्यंतचा प्रवास मिळवा. समजा पायी येणारे २० मिनिटे आधी पोचतात, गाडीवाले ४५ मिनिटे आधी रांगेत लागतात आणि बहुतेकांचा रस्त्यावरचा प्रवास ४० मिनिटांचा आहे. मग १७:३० च्या फेरीसाठी पायी येणाऱ्यांना १६:३० च्या आत आणि गाडीवाल्यांना १६:०५ च्या आत कळायला हवे. या वेळा वेळापत्रकाच्या शेजारच्या रकान्यात छापून ठेवा. गडबडीत गणित करायला कोणाला वेळ नसतो.

दुसरी वस्तू मर्यादांचा तक्ता. कोणती बोट, कोणत्या धक्क्यावर, कोणत्या दिशेच्या किती वाऱ्यात आणि किती उंच लाटांत चालते, हे त्यात असते. वारा सहसा नॉटमध्ये किंवा बोफर्ट प्रमाणात, म्हणजे जोराच्या क्रमांकांत, सांगतात. १ नॉट म्हणजे ताशी १ सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. बोफर्ट ६ म्हणजे २२ ते २७ नॉट, ७ म्हणजे २८ ते ३३ आणि ८ म्हणजे ३४ ते ४० नॉट. अंदाजात दिलेली लाटांची उंची ही सगळ्यांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे अंदाज २ मीटरचा असला तरी मधूनच चारच्या जवळपासची लाट येऊ शकते. तक्ता पाहून कक्षाने फेरी रद्द करायची नाही. तो अधिकार कप्तानाचा. तक्ता आहे तो आपल्याला आधीच सावध होण्यासाठी: अंदाज मर्यादेच्या जवळ सरकला की कप्तानाला फोन करायचा आणि ‘निर्णय कधी घेणार?’ हे विचारायचे.

तिसरी वस्तू लिहून ठेवलेले साचे, चौथी फोन क्रमांकांची यादी, तीही फोन करण्याच्या क्रमाने. साच्यांबद्दल पुढे येतेच. यादीबद्दल इतकेच, की ती कागदावरही असू द्या.

पायरी १: बातमी कक्षात आणा

बऱ्याचशा उशिरा गेलेल्या सूचनांचे मूळ संदेश पाठवण्याच्या यंत्रणेत नसते. कक्षालाच उशिरा कळलेले असते. धक्क्यावरचा माणूस दोर, रॅम्प आणि गाड्या सांभाळत असतो, फोन करणे त्याच्या कामांच्या यादीत शेवटी येते. यावर उपाय म्हणजे त्याच्या आठवणीवर न विसंबणारा नियम: सुटायला ५ मिनिटे उरली आणि चढणे सुरू झालेले नाही, तर धक्क्यावरून एक शब्द यायचा, ‘थांबलेय’. कारण नंतर.

शिवाय नकाशावर बोट पाहत राहा. मोठ्या बोटींवरची एआयएस यंत्रणा बोट चालू असताना २ ते १० सेकंदांनी आपली जागा, वेग आणि दिशा कळवते, नांगरलेली असताना दर ३ मिनिटांनी. अजून ४ सागरी मैल जायचे आहे आणि वेग १२ नॉटवरून ८ वर आला आहे, तर २० मिनिटांचे ३० होणार हे बोटीवरून फोन येण्याआधी दिसते. मात्र नुसत्या नकाशावरून सूचना काढू नका. बोट वेग कमी करते ती दुसऱ्या जहाजाला वाट देण्यासाठीही, आणि दोन मिनिटांत पुन्हा वेग घेते. आधी विचारा, मग पाठवा.

पायरी २: लिहिण्याआधी चार उत्तरे

कोणती फेरी आणि कोणत्या बाजूने? किती उशीर, किंवा निर्णय कधी होणार? पुढच्या कोणत्या फेऱ्यांना झळ लागणार? प्रवाशाने आता काय करायचे?

पहिल्या दोन आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरे फोनवर मिळतात. तिसऱ्याचे उत्तर कक्षालाच काढावे लागते आणि नवीन माणूस बहुधा तिथेच चुकतो, म्हणून त्यावर जरा थांबू.

एकच बोट दोन धक्क्यांमध्ये ये-जा करते असे धरा. पार व्हायला २५ मिनिटे, धक्क्यावर उतरणे-चढणे १० मिनिटे, म्हणजे दर ३५ मिनिटांनी एका बाजूची फेरी. घाई केली तर धक्क्यावरचे काम ७ मिनिटांत उरकते. म्हणजे एका फेरीमागे ३ मिनिटे भरून निघतात, जास्त नाही. सकाळी १८ मिनिटांचा उशीर झाला तर तो निवळायला ६ फेऱ्या लागतात, वेळ साडेतीन तास. त्या सहाही फेऱ्या आता उशिरा आहेत. सूचना मात्र बऱ्याचदा पहिल्या फेरीचीच जाते आणि दुपारी लोक विचारतात की सकाळचा उशीर अजून कसा संपला नाही.

आता उशीर ५० मिनिटांचा धरा. उत्तर धक्क्यावरून १०:०० ला सुटायची बोट १०:५० ला तयार होते. ३-३ मिनिटांनी हा उशीर भरायचा तर १७ फेऱ्या, जवळजवळ दहा तास, म्हणजे दिवस गेला. त्याऐवजी उत्तरेची १०:०० ची आणि दक्षिणेची १०:३५ ची फेरी रद्द केली तर बोट ११:१० ला वेळेवर सुटते आणि उरलेला दिवस छापील वेळापत्रकाने चालतो. १०:०० वाल्यांना आणखी २० मिनिटे थांबावे लागते, पण त्यांच्यामागच्या सगळ्यांची सुटका होते. असा निर्णय झाला की सूचनेचा शब्द बदलतो: ‘उशीर’ जाऊन ‘रद्द’ येतो, आणि दोन्ही धक्क्यांच्या प्रवाशांना तो वेगवेगळा सांगावा लागतो.

दुसऱ्या बाजूचे प्रवासी विसरणे ही इथली नेहमीची चूक. बोट उत्तरेला अडकली आहे, तिथल्या लोकांना डोळ्यांना दिसते आहे. दक्षिणेला अजून काहीच घडलेले नाही, तिथले लोक आता कुठे घरून निघत आहेत. सूचनेची खरी गरज त्यांना आहे.

रद्द करताना क्षमताही मोजा. १०:०० आणि ११:१० या दोन्ही फेऱ्यांचे लोक एकाच बोटीवर येणार, आणि प्रमाणपत्रावर लिहिलेल्या प्रवासीसंख्येपेक्षा एकही जास्त घेता येत नाही. म्हणून ‘पुढची फेरी ११:१०’ एवढेच लिहू नका. जागा पुरणार नसेल तर ‘११:१० ला जागा अपुरी, ११:०० च्या आत रांगेत या’ किंवा ‘रद्द फेरीचे आरक्षण असलेल्यांना आधी जागा’ असा जो काही नियम असेल तो त्याच ओळीत द्या. गाड्यांच्या बाबतीत हे दुप्पट खरे. माणसे दाटीवाटीने बसतील, ट्रक दाटीवाटीने बसत नाही.

पायरी ३: संदेश लिहा

क्रम ठरलेला ठेवा: तारीख, धक्का, फेरीची वेळ, काय झाले, पुढचा पर्याय, पुढची माहिती कधी. कारण सगळ्यांत शेवटी, जागा उरली तर. घाईत फोन पाहणारा माणूस पहिले सहा शब्द वाचतो आणि त्यात त्याला आपली फेरी दिसली पाहिजे.

मराठी एसएमएसला एक अडचण कायमची. रोमन अक्षरांतल्या साध्या संदेशात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. त्याहून लांब गेला की संदेशाचे ६७-६७ अक्षरांचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे पडतात, आणि नेटवर्क ताणलेले असताना एक तुकडा मागे राहतो. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘धक्क्यावरून’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा वाटतो, यंत्र तो अकरा मोजते. हा साचा पाहा:

‘१२/६ उत्तर धक्क्यावरून १७:३० ची फेरी रद्द. पुढची १८:१५. परतावा आपोआप.’

जागा आणि विरामचिन्हे धरून ६९. एका संदेशात बसतो. ‘प्रिय प्रवासी’ आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ यांना इथे जागा नाही. दिलगिरी वेबसाइटवरच्या लांब मजकुरात लिहा, तिथे ती वाचलीही जाते. काही देशांत असे साचे दूरसंचार कंपनीकडे आधी नोंदवावे लागतात आणि न नोंदवलेला मजकूर अडवला जातो. वादळाच्या दिवशी नवा साचा सुचला तरी तो त्या दिवशी जाणार नाही, हे लक्षात ठेवून शांत दिवसांतच नोंदणी उरका.

‘आज’ऐवजी तारीख घाला. फोन बंद असेल तर संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो, आणि ‘आजची ७:०० ची फेरी रद्द’ वाचून माणूस चालू असलेली फेरी सोडतो. वेळ २४ तासांच्या घड्याळाने लिहा, नाहीतर ‘६:१५’ सकाळचे की संध्याकाळचे यावर फोन येत राहतात. ‘२० मिनिटे उशिरा’ लिहिण्यापेक्षा ‘१७:३० ची फेरी १७:५० ला सुटेल’ असे लिहा. उशिराची मिनिटे कधीपासून मोजायची हा प्रश्नच उरत नाही.

हप्त्याहप्त्याने वाढणारा उशीर हा सूचना देणाऱ्यांचा सर्वांत वाईट दोष. आधी १० मिनिटे, मग २०, मग ३५, मग रद्द. प्रत्येक संदेश त्या क्षणी खरा असतो आणि चारही मिळून प्रवाशाला अडकवून ठेवतात, कारण दहा मिनिटांसाठी कोणी दुसरा मार्ग धरत नाही. इंजिनाचा बिघाड सापडलेलाच नसेल तर मिनिटे सांगू नका. निर्णयाची वेळ सांगा: ‘१७:३० ची फेरी थांबवली आहे. सुटणार की रद्द, हे १७:४५ ला कळवू. थांबायचे नसल्यास पूर्ण परतावा.’ आणि १७:४५ ला नवे काही नसले तरी संदेश गेलाच पाहिजे, पुढची वेळ देऊन. दिलेली वेळ पाळली गेली नाही की लोक संदेशांवरचा विश्वास सोडून थेट फोन करू लागतात, आणि मग फोन उचलण्यातच कक्ष अडकतो.

कारण लिहायचे तर समजेल असे लिहा. ‘तांत्रिक कारणास्तव’ वाचून कोणालाच काही कळत नाही. ‘रॅम्प उचलत नाही’, ‘पाणी कमी’, ‘धुके’, ‘खलाशी अपुरे’ हे शब्द छोटेही आहेत आणि प्रवाशाला स्वतःचा अंदाजही बांधू देतात: धुके निवळते, रॅम्प लवकर दुरुस्त होत नाही. अपवाद माणसांचा. कोणी आजारी पडले, पाण्यात पडले, तर ‘वैद्यकीय मदत सुरू आहे’ इथेच थांबा. बाकीचा तपशील कक्षातून बाहेर जात नाही.

पायरी ४: पाठवण्याचा क्रम

सगळ्यात आधी तिकीटविक्री थांबवा. रद्द फेरीची तिकिटे आणखी दहा मिनिटे विकली गेली तर तेवढे नवे प्रवासी आपणच अडचणीत टाकतो, आणि त्यांना आधी गेलेला संदेश मिळालेलाही नसतो.

मग धक्क्यावरचे कर्मचारी आणि बोट. प्रवाशाच्या फोनवर बातमी आधी आली आणि खिडकीवरच्या माणसाला ती माहीत नसली की दोघांचाही खोळंबा होतो. हा टप्पा एका मिनिटाचा आहे, वगळू नका.

त्यानंतर वेबसाइटवरचे स्थितीचे पान. बाकी सगळे संदेश लोकांना तिथेच पाठवतात, त्यामुळे ते आधी बदललेले हवे. मग ॲपची सूचना आणि एसएमएस, धक्क्यावरचे फलक आणि लाउडस्पीकर, पुढे जोडणाऱ्या बस-रेल्वेचे कक्ष आणि शेवटी समाजमाध्यमे. समाजमाध्यमांवर आधी टाकायचा मोह होतो, कारण ते सोपे असते. पण तिथे जुना मजकूर तासाभराने कोणाच्या तरी समोर नव्यासारखा येतो, म्हणून तिथल्या प्रत्येक ओळीत तारीख आणि वेळ घाला.

ॲपच्या सूचनेवर एकट्यावर विसंबू नका. आयफोनवर आणि अँड्रॉइड १३ पासून पुढे, ॲपला सूचना दाखवण्यासाठी वापरणाऱ्याची परवानगी लागते आणि बरेच जण ती नाकारतात. ज्यांचे आरक्षण आहे त्यांना एसएमएस, रोज जाणाऱ्यांना ॲप, आणि ज्यांचे काहीच नाही त्यांना फलक, अशी साधारण वाटणी धरा.

यादी मार्गानुसार आणि शक्य असेल तर वेळेनुसार तोडलेली हवी. सकाळी ७ च्या फेरीने जाणाऱ्याला रात्री ९ चा उशीर कळवत राहिलात तर तो सूचना बंद करतो, आणि ज्या दिवशी त्याची फेरी रद्द होते त्या दिवशी त्याला काहीच कळत नाही. किती उशिराला कळवायचे हेही मार्गावर ठरते. दर १५ मिनिटांनी फेरी असेल तर ५ मिनिटांचा उशीर सांगण्यात अर्थ नाही, मधली एक फेरी गळली तर सांगा. तीन तासांच्या प्रवासात १५ मिनिटांपासून सांगा. दिवसात दोनच फेऱ्या असतील आणि पलीकडे जोडबस उभी असेल तर १० मिनिटेही महत्त्वाची, कारण चुकते ती बस.

धक्क्यावर

लाउडस्पीकरवरची घोषणा इंजिन धडधडत असताना कोणालाही ऐकू जात नाही. बोट लागून इंजिन मंद झाले की बोला. आधी खूण म्हणून घंटी, मग दोन सेकंद थांबून मजकूर, तोच मजकूर पुन्हा एकदा त्याच शब्दांत. दुसऱ्यांदा शब्द बदलले की लोकांना ती वेगळी घोषणा वाटते. जे बोललात ते फलकावर लिहिलेलेही हवे: ऐकू न येणाऱ्यांसाठी, आणि पाच मिनिटांनी येणाऱ्यांसाठी. वीज गेली तर पडदे बंद होतात, म्हणून पांढरा फळा आणि चालणारा मार्कर खिडकीत ठेवा. फळ्यावर कोपऱ्यात लिहिण्याची वेळ टाका. वेळ नसलेला फळा कालचाच असल्याचे कोणी धरले तर त्याचे चुकत नाही.

रांगेतल्या गाडीवाल्यांपर्यंत लाउडस्पीकर पोचत नाही, काचा वर असतात. तिथे माणसानेच रांगेतून फिरून सांगावे लागते, मागच्या टोकापासून पुढे. मागचे लोक अजून सहज वळून जाऊ शकतात.

हवामान: निर्णयाच्या आधीची सूचना

हवामानाच्या बाबतीत एक सवलत मिळते: आधी कळते. ती वाया घालवू नका. अंदाज मर्यादेच्या जवळ आला की २४ ते ४८ तास आधी ‘शक्यता’ कळवा, मग निर्णयाची वेळ कळवा, मग निर्णय. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची बेटे जोडणारी कॅलेडोनियन मॅकब्रेन ही सेवा प्रत्येक मार्गाच्या स्थितीत ‘ऐनवेळी व्यत्यय येण्याची किंवा फेरी रद्द होण्याची शक्यता’ अशा अर्थाची ओळ आधीच लावते. फेरी अजून चालू आहे, पण माणूस औषधे, मुक्काम, परतीचे वेळापत्रक यांचा विचार करू लागतो. हाँगकाँगमध्ये चक्रीवादळाचा सिग्नल ८ लागला की फेरीसेवा टप्प्याटप्प्याने बंद होतात, आणि तो लावण्याआधी साधारण दोन तासांच्या आत वेधशाळा तशी खास घोषणा करते, म्हणजे लोकांना घरी परतायला तेवढा अवधी मिळतो.

‘शक्यता’ हा शब्द मात्र जपून वापरा. दर वाऱ्याला लावला आणि दर वेळी बोट सुटली, तर चौथ्यांदा कोणी वाचत नाही.

प्रवाशांना सर्वांत न पटणारी रद्द फेरी म्हणजे ऊन पडलेल्या दिवसाची. तिची कारणे आधीच लिहून ठेवा. दूर कुठेतरी झालेल्या वादळाच्या लांब लाटा दोन दिवसांनी किनाऱ्याला येतात, तेव्हा इथे वारा नसतो. किंवा समुद्र ठीक असतो, पण पलीकडच्या धक्क्यावर वारा बाजूने येतो आणि बोट दोर बांधण्याइतकी स्थिर राहत नाही. अशा वेळी ‘खराब हवामान’ न लिहिता ‘दक्षिण धक्क्यावर लाटा, बोट लागू शकत नाही’ लिहा. उत्तर धक्क्यावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला मग ते पटते.

पाण्याच्या पातळीचे असेच. भरतीच्या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते आणि ओहोटीही जास्त खोल जाते. हे सगळे महिने आधी माहीत असते, त्यामुळे ओहोटीने अडणाऱ्या फेऱ्या वेळापत्रकातूनच काढायच्या, ऐनवेळची सूचना त्यासाठी नाही. पण हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर खाली बसते. जास्त दाबाच्या निरभ्र दिवसात, वारा जमिनीवरून समुद्राकडे असेल तर, छापील तक्त्यापेक्षा पाणी बरेच कमी भरते आणि उथळ धक्क्यावर बोट टेकते. स्वच्छ आभाळाखाली ‘पाणी कमी’ म्हणून फेरी रद्द होते ती यामुळे.

धुक्याबद्दल थोडक्यात: दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली आली की हवामानखाते त्याला धुके म्हणते. बोटी सहसा लगेच बंद होत नाहीत, वेग कमी करतात. म्हणून आधी उशिराची सूचना, तीही सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच.

शेवटची फेरी

ही बाकीच्यांसारखी नाही. दुपारची फेरी रद्द झाली तर माणूस थांबतो, रात्रीची शेवटची रद्द झाली तर तो अडकतो. म्हणून तिच्यासाठी वेगळा नियम: दुपारपासूनच शंका असेल तर ‘१२/६ ला परतायचे असल्यास १९:०० च्या फेरीपर्यंत निघा’ असे सांगा, शेवटच्या फेरीची वाट पाहू देऊ नका. दुपारी पलीकडे गेलेल्या प्रत्येक परतीच्या तिकिटाला हा संदेश जायला हवा. ते लोक तुमच्याकडे नोंदलेले असतात.

शेवटच्या फेरीला आणखी एक धोका दिवसभराच्या उशिरातून येतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खलाशांना कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती लागते. देशांतर्गत फेऱ्यांना नियम वेगळे असू शकतात, पण मर्यादा कुठे तरी असतेच. सकाळचा उशीर रात्रीपर्यंत ओढत नेला तर शेवटच्या फेरीच्या वेळी बोट आणि समुद्र दोन्ही ठीक असूनही खलाशांचे तास संपतात. हे संध्याकाळी सहाला मोजता येते. साडेनऊला कळण्याचे काही कारण नाही.

बोट अर्ध्यातून परत फिरली तर

पलीकडे लागता आले नाही म्हणून बोट परत येते किंवा दुसऱ्या धक्क्यावर जाते, तेव्हा तीन वेगळे श्रोते असतात. बोटीवरच्यांना कप्तान सांगतो: कुठे जात आहोत, किती वाजता लागू, तिथून पुढे काय. पलीकडे न्यायला आलेल्या नातेवाइकांना पहिली ओळ ‘सर्व प्रवासी सुरक्षित’ अशी जायला हवी, मगच नवी जागा आणि वेळ. अर्थात बोटीवरून तशी खात्री करून घेतल्यावरच. तिसरे, परतीसाठी पलीकडे थांबलेले लोक. त्यांची बोट येणारच नाही, आणि त्यांचा संदेश बहुतेक वेळा राहून जातो.

यंत्रांसाठीची सूचना

बरेच प्रवासी तुमचे पान न पाहता नकाशाच्या ॲपवर वेळ पाहतात. तिथे माहिती जीटीएफएस या स्वरूपात जाते, त्यात फेरीबोटीचा मार्ग-प्रकार ४ आहे. ताज्या माहितीचे मुख्य तीन भाग असतात: फेरीतला बदल, बोटीची जागा आणि सेवेची सूचना. फेरी रद्द केली तर पहिल्या भागात ती रद्द म्हणून नोंदवा. नुसती सूचना जोडली तर नकाशा ती फेरी धरूनच रस्ता सुचवत राहतो. उशीर सेकंदांत भरायचा असतो. २० मिनिटांसाठी १२००. तिथे २० लिहिले तर ॲपवर फेरी जवळजवळ वेळेवर दिसते आणि चूक कोणाच्याच लक्षात येत नाही. सूचनेला सुरुवात आणि शेवटची वेळ दोन्ही द्या.

नियमांचा किमान दर्जा

युरोपीय संघाचा २०१० चा १,१७७ क्रमांकाचा नियम डिसेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यानुसार उशीर किंवा रद्द झाल्याची माहिती शक्य तितक्या लवकर आणि ठरलेल्या सुटण्याच्या वेळेनंतर फार तर ३० मिनिटांत द्यावी लागते. फेरी रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसऱ्या मार्गाने पोचवणे किंवा परतावा, हा पर्याय प्रवाशाचा. चार तासांपर्यंतच्या प्रवासात पोचायला किमान एक तास उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि त्याच्या दुपटीहून जास्त झाला तर ५० टक्के भरपाई, पण सुरक्षिततेला धोका पोचवणारे हवामान कारण असेल तर ती लागू नाही. तुमच्याकडे कोणता कायदा आहे ते पाहा आणि साच्यातला परताव्याचा शब्द त्याला जुळवा. ३० मिनिटे ही कायद्याची शेवटची रेघ आहे, तिला लक्ष्य समजू नका.

पायरी ५: सूचना मिटवा

सेवा सुरळीत झाली की जिथे जिथे सूचना लावली तिथून ती काढायची, पाठवली त्याच क्रमाने. साच्याच्या मागे ठिकाणांची यादी छापा आणि एकेकावर खूण करा. हमखास राहून जाणाऱ्या जागा तीन: फोनवर आपोआप वाजणारा ध्वनिमुद्रित संदेश, पलीकडच्या धक्क्यावरचा फळा आणि बंद केलेली तिकीटविक्री. तिसरी राहिली तर बोट रिकामी जाते.

‘सेवा सुरळीत’ हा संदेश घाई करून पाठवू नका. इंजिन दुरुस्त झाले आणि सहा फेऱ्यांचा उशीर अजून शिल्लक असेल तर लिहायचे ते असे: ‘बोट चालू. १५:०० पर्यंत फेऱ्या १० ते १५ मिनिटे उशिरा.’

मग नोंदवहीत या पाच गोष्टींची वेळ लिहा: घडले केव्हा, कक्षाला कळले केव्हा, निर्णय केव्हा, पहिला संदेश केव्हा, आणि त्या फेरीची कळवण्याची शेवटची वेळ काय होती. पहिल्या दोघांत अंतर जास्त असेल तर धक्क्याशी बोलायचे, दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर कप्तानाशी, तिसऱ्या-चौथ्यात असेल तर साचे तपासायचे. एकाच फेरीच्या नोंदी महिनाभर लागोपाठ येत असतील तर तिच्यासाठी नवा साचा बनवू नका, वेळापत्रक करणाऱ्याकडे वही न्या आणि त्या फेरीला धक्क्यावर पाच मिनिटे वाढवून मागा.